लाकडाची अणुभट्टी

भय्याजी सुतारांनी समुद्र कधी पाहिला नाही. पाणी म्हणजे त्यांच्या लेखी एकोडीचा तलाव, आणि फार तर चुलबंद नदीचा पूर. नावेत बसण्याचा प्रसंग आयुष्यात एकदाच आला. तेव्हा डोंग्याची कड त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती, आणि काठावर पाय टेकताच डोंगा कसा चुकीचा कोरलाय ते त्याच्या मालकाला ऐकवलं होतं. अशा माणसाच्या घरामागे, टिनाच्या शेडमध्ये, आठ महिने एका मालवाहू जहाजाचं पोट उभं होतं आणि त्या पोटात अणुभट्टी होती. पाइपांपासून नट-बोल्टांपर्यंत सगळी लाकडाची.

भय्याजींचं वय एकसष्ट. कानामागे पेन्सिल आणि भुवयांत भुसा, असा त्यांचा बारमाही थाट. एकोडीत त्यांच्या हातचं काहीच नाही असं घर शोधायला निघालात तर दिवस मोडेल. पण त्यांची खरी ख्याती होती ती 'हात बसवण्या'ची. कुणी नांगराची मूठ करून घ्यायला आलं की भय्याजी माप घेत नसत. माणसाला समोर उभं करायचे, डोळे मिटायला लावायचे आणि म्हणायचे, "हात लाव." मिटल्या डोळ्यांनी हात आपसूक जिथे जाईल तिथे मूठ. लाकूड तिथे नसेल तर ते हलवायचं, आड काही येत असेल तर ते तासायचं. पुढे ट्रॅक्टर आले, नांगर गोठ्याच्या आढ्याला टांगले गेले, तरी सवय सुटली नाही. दाराची कडी बसवतानासुद्धा घरच्या बाईला बोलावून ते "हात लावा" म्हणत.

भिंत वाकडी असो की जमीन उतरती, सुताराने कुरकुर करायची नाही. दुसऱ्याची चूक लाकडाने गिळायची आणि वरून रंधा मारून गुळगुळीत करायची. वडिलांनी शिकवलेला धंद्याचा धर्म तो हाच, आणि भय्याजींनी तो चाळीस वर्षं इमानाने पाळला. इमानाने वागूनही माणूस कसा गोत्यात येतो, हे सांगण्यासाठीच एवढी प्रस्तावना.

त्यांचा एकुलता एक मुलगा निकेश. साकोलीच्या आयटीआयमधून ड्राफ्ट्समन झाला, नंतर डिप्लोमा केला आणि नवी मुंबईच्या एका डिझाइन ऑफिसात कंत्राटावर लागला. कंत्राट दर वर्षी संपे, दर वर्षी वाढे. शकुंतलाबाई, म्हणजे त्याची आई, कुणी स्थळ घेऊन आलं की "पक्का होऊ द्या आधी" म्हणत. असं करता करता तीन स्थळं हातची गेली होती.

हे ऑफिस मालवाहू जहाजांसाठी छोटी अणुभट्टी कशी बांधता येईल त्याची ड्रॉइंगं करत होतं. तिथला मोठा माणूस म्हणजे तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये उकडून निघालेला एक निवृत्त चीफ इंजिनीअर. त्याला सगळे चीफच म्हणत. पोट भलंमोठं, आवाज त्याहून मोठा. कॉम्प्युटरवर जहाज आतून-बाहेरून फिरवून बघता येत असताना या माणसाने हट्ट धरला, की पोलाद कापण्याआधी भट्टीची सगळी खोली मला खऱ्या आकारात, लाकडात हवी. ऑफिसातली पोरं हसली तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या कॉम्प्युटरमधल्या माणसाला पोट नाही. त्याला घाम येत नाही. जहाज कललं की त्याचा पाय घसरत नाही. मला आत जाऊन बघायचंय." मुंबईत असं काम करणारा सुतार मिळेना. निकेश हळूच म्हणाला, "सर, माझे वडील करतील."

अशी ती ड्रॉइंगांची भेंडोळी एकोडीला आली. प्लाय आला, पाइन आला, आणि सागाच्या फळ्या भय्याजींनी स्वतः तुमसरहून निवडून आणल्या. निकेशने फोनवर बापाला समजावलं, "बाबा, यात अवघड काही नाही. पाणी तापवाचं, वाफ कराची, वाफेनं जहाजाचा पंखा फिरवाचा. राइस मिलचा बॉयलर पाह्यला ना तुमी? फक्त कोंड्याच्या जागी युरेनियम."

"मंग कोंडाच जाळाव ना," भय्याजी म्हणाले. "इथी ढिगानं पडला हाये."

गावाला ही बातमी पचायला वेळ लागला. आधी तलाठी येऊन गेले, मग कोतवाल. कुणीतरी उठवलं की भय्याजी बॉम्ब करून राहिले. शाळेची पोरं फटीतून डोकावत. विश्वकर्मा जयंतीला शकुंतलाबाईंनी हत्यारांबरोबर भट्टीच्या त्या मोठ्या लाकडी पिंपालाही हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. पिंप होतंच मुळी धान साठवायच्या ढोलीएवढं, गोल आणि गरगरीत. त्याच्याभोवती पाइपांची अशी गुंतागुंत, की पहिला महिना भय्याजी रात्री झोपेतही बोटं हलवायचे, असं शकुंतलाबाई सांगत.

पिंपाभोवती एक जाड भिंत होती. खऱ्या जहाजात ती शिसं, पोलाद आणि एका खास प्लास्टिकच्या थरांची असणार होती. भट्टीतून निघणारे किरण तिने अडवायचे आणि बाहेरच्या माणसांना जपायचं. जहाजात जागा आधीच थोडी, त्यात ही भिंत अघळपघळ बसलेली, त्यामुळे माणसांना हिंडायला उरल्या होत्या चिंचोळ्या गल्ल्या. भय्याजींनी ती भिंत सागाच्या फळ्या एकावर एक जोडून बांधली.

चौथ्या गल्लीत एक चाक होतं, पाण्याच्या कॉकचं. सगळी वीज गेली, पंप बंद पडले, तर माणसाने तिथे जाऊन हाताने फिरवायचं आणि भट्टीवर थंड पाणी सोडायचं. भय्याजींनी ते ड्रॉइंगप्रमाणे बसवलं, आणि मग सवयीने शेजारच्या पुंडलिकरावांना बोलावलं. पुंडलिकराव ना उंच ना बुटके, ना जाड ना बारीक. एकोडीत सरासरी माणूस बघायचा तर हाच.

"हात लाव," भय्याजी म्हणाले.

पुंडलिकरावांनी डोळे मिटून हात पुढे केला. कोपर भिंतीला अडलं आणि बोटं चाकाच्या अलीकडेच थांबली. चार बोटं कमी पडत होती.

भय्याजींना यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. त्यांनी करवत घेतली, भिंतीच्या वरच्या थरातून दीड हात लांब, हातभर रुंद, चार बोटं जाडीचा तुकडा कापून काढला, कडा उताराला लावल्या, पॉलिश मारलं. कोपरासाठी अशी सुबक खोबण झाली की ती मुळातच तिथे असावी असं वाटावं. पुंडलिकरावांचा हात बिनबोभाट चाकावर गेला. कापलेला सागाचा तुकडा टाकून देणं भय्याजींच्या जिवावर आलं. त्यांनी त्याला खाली दोन पट्ट्या मारल्या आणि शकुंतलाबाईंना बसायला पाट करून दिला.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर भय्याजी लबाड होते असं कुणाला वाटेल. गावात नवी वस्तू जुन्या वस्तूवरून होते. माणूस खाट घेऊन येतो आणि सांगतो, अशीच दुसरी करा. कागदावरून कुणी काही करत नाही. भय्याजींची पक्की समजूत होती की आपलं लाकूड पुरं झालं की कंपनीची माणसं टेप घेऊन येतील, लाकडाची मापं घेतील आणि तश्शीच पोलादाची भट्टी बांधतील. म्हणजे आपण इथे जे सुधारलं ते आपोआप जहाजात जाणार. त्यांच्या दृष्टीने त्यांनी पुढे कधीतरी त्या गल्लीत उभ्या राहणाऱ्या एका अनोळखी खलाशाचा हात बसवला होता.

फेब्रुवारीत चीफ आला. निकेश त्याला नागपूरहून गाडीने घेऊन आला. चीफने आल्या आल्या शर्ट काढला, बनियनवर आत शिरला, आणि तीन तास ती लाकडी खोली त्याच्या आवाजाने घुमत राहिली. कुठे आडवा झाला, कुठे रांगला, कुठे डोळ्यांवर रुमाल बांधून चाचपत चालला. पिंपावरचं कुंकू बघून हसला, पण पुसलं नाही. निकेश वही घेऊन मागे होता. भय्याजी दारात उभे होते आणि त्यांना आपल्याच लग्नात उभं असल्यासारखं वाटत होतं.

चौथ्या गल्लीत चीफ पोट आत ओढून तिरका शिरला. मग आतून काहीच आवाज येईना. थोड्या वेळाने तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता.

"निकेश," तो म्हणाला, "या चाकावरून मी तुझ्याशी सहा महिने भांडलो. म्हणालो, हात पोचणार नाही. तू म्हणालास, कॉम्प्युटर सांगतो पोचेल. पोचला रे. माझ्यासारख्या ढेरपोट्याचाही पोचला. मी हरलो." आणि सगळ्यांदेखत त्याने निकेशच्या पाठीवर थाप मारली. "संध्याकाळी सह्या करतो. आणि तुझ्या पक्क्या नोकरीचं पत्र मी स्वतः टाइप करून घेतो."

भय्याजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते चाक, ती गल्ली निकेशच्या ड्रॉइंगमधली आहे हे त्यांना त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. बापलेकाने मिळून केलं म्हणायचं, असं त्यांच्या मनात आलं, आणि डोळे पाणावले म्हणून ते भुसा गेल्यासारखं करून बाजूला झाले.

जेवायला चीफला जमिनीवर मांडी घालता येईना. शकुंतलाबाईंनी आपला सागाचा पाट त्याच्यासाठी सरकवला. तो हुश्श करून त्यावर बसला. भात, तुरीचं वरण, लाखोरीच्या डाळीचे वडे. भाताचा दुसरा वाढा घेता घेता चीफ गोष्टीत रंगला.

"वहिनी, तुमच्या या भाताने एकदा अणुभट्टी बुजवली होती, माहीत आहे?"

शकुंतलाबाईंचा हात वाढताना थांबला.

"खरं सांगतो. अशी जहाजं काही आपण पहिल्यांदा करत नाही आहोत. साठेक वर्षांपूर्वी अमेरिकेने केलं, मग जर्मनीने. चालली चांगली, पण परवडेनात आणि सगळी बंदरं काही आत घेईनात. रशिया तर आजही अशा जहाजांनी बर्फ फोडतो. आता सगळ्या जगाला जहाजांचा धूर खुपायला लागला म्हणून हा विषय पुन्हा निघालाय. तर मधे जपानने एक केलं. मुत्सू नावाचं. चौऱ्याहत्तर साली समुद्रात नेऊन भट्टी पहिल्यांदा पेटवली, अगदी बारीक, आणि भट्टीभोवतीच्या आवरणातून किरण निसटायला लागले. थोडेच. इजा कुणाला झाली नाही. पण फट बुजवणार कशाने? भर समुद्रात ना शिसं ना सिमेंट. मग खलाशांनी भात शिजवला, त्यात किरण गिळणारी बोरॉनची पावडर कालवली आणि तो नेऊन थापला."

"कोन्ता तांदूळ?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"ते काही कुठे लिहिलेलं नाही."

"चिकट असन. आपल्या तांदळानं नसतं जमलं," त्या म्हणाल्या आणि निर्धास्त होऊन वरण वाढायला लागल्या.

सगळे हसले. चीफ मात्र पुढे सांगत राहिला. "हसू येतं, पण त्या जहाजाचं पुढे काय झालं? मच्छीमारांनी बंदरात येऊ दिलं नाही. दीड महिना बाहेर पाण्यावर राहिलं. पुढे दुरुस्त्याच करत बसले, मालाची एक खेपसुद्धा न नेता ते मोडीत निघालं. आणि आवरणातून इथे गळेल हे आधी एका परदेशी कंपनीने ड्रॉइंग बघून सांगितलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही. म्हणून मला लाकूड लागतं. चूक लाकडात सापडलेली बरी."

"मंग सायेब," भय्याजींनी विचारलं, "आता माप घ्याले मानसं कवा येतीन?"

"कसलं माप?"

"या लाकडाचं. याच्यावरून जहाज कराचं ना?"

चीफने घास खाली ठेवला. "नाही हो. पोलाद कापणार ते ड्रॉइंगवरून. सह्या झाल्या की ड्रॉइंग जहाज बांधायच्या यार्डात जाईल. हे लाकूड फक्त बघायला, की कागदावरचं खरोखर बसतं का. काम झालं की मोडून टाका. सरपणाला नका लावू, साग आहे."

भय्याजींनी तांब्या उचलला. त्यांनी पाणी प्यायलं. मग त्यांची नजर चीफच्या मांडीखाली गेली. तिथे सागाचा पाट होता. दीड हात लांब, हातभर रुंद, चार बोटं जाड. किरण अडवणाऱ्या भिंतीचा तुकडा खाली घेऊन चीफ त्यावर बसला होता आणि ताक मागत होता.

त्यानंतर जेवणात काय काय झालं ते भय्याजींना कधी आठवलं नाही. त्यांना दिसत होती ती चौथी गल्ली, पण लोखंडाची. वीज गेलेली. काळोखात कुणीतरी पुंडलिकरावांएवढाच माणूस हात लांब करतोय, कोपर भिंतीला अडतंय आणि बोटं चाकाच्या अलीकडे हवेत फिरतायत. तिथे खोबण नाही. ती खोबण एकोडीत राहिली.

जेवून चीफ आंब्याखाली खाटेवर आडवा झाला. जहाजावरची सवय, म्हणाला, अर्धा तास. भय्याजींनी पाट उचलला, मुलाला हाताने खुणावलं आणि शेडमध्ये गेले. चौथ्या गल्लीत उभं राहून त्यांनी त्याला सगळं सांगितलं. पुंडलिकरावांचा हात, करवत, खोबण.

निकेश दचकला नाही. तो खालच्या भुशाकडे बघत राहिला.

भय्याजींना कळायचं ते कळलं. "तुले मालूम होतं?"

"सकाळी दिसलं," निकेश म्हणाला. "सर चौथ्या गल्लीत शिराच्या आदी. मले वाटलं, ते वरडतीन. ते वरडलेच नाही, बाबा. माह्या पाठीवर थाप मारली. मंग मी कसा बोलू?"

"मी अनाडी माणूस होय. मले ठाऊक नव्हतं. तू तर शिकेल हायेस."

"बाबा, सह्या होऊ द्या. मी तिकडं जाऊन ड्रॉइंगमदी हळूच खोबण टाकतो. कोनाले समजणार नाही."

"भिंत चार बोटं पातळ कराची, हळूच?"

त्या भिंतीतली चार बोटं म्हणजे काय, हे बापापेक्षा निकेशला शंभर पटींनी ठाऊक होतं. ती तासली तर पलीकडची माणसं उघडी पडणार होती. न तासली तर चाक हाताला लागणार नव्हतं. त्यावर इलाज एकच होता, चौथी गल्ली मुळापासून नव्याने काढायची, आणि एक गल्ली सरकली की सगळी खोली सरकणार. त्यासाठी आधी उभं राहून सांगावं लागणार होतं की मी चुकलो.

"तीन वर्ष झाले, बाबा," त्याचा आवाज चिरकला. "दर मार्चले कंत्राट वाढन का नाही, याची वाट पाह्यतो. आज पयल्यांदा ते बोलले का पक्का करतो. तुमी एक दिवस मुकाट राहू शकत नाही काय?"

भय्याजींना मुलाची अशी दया आली की क्षणभर त्यांचा हात खालीच राहिला. मुकाट राहायला किती सोपं होतं! चाळीस वर्षं ते दुसऱ्यांच्या चुका गिळत आले होते, मग पोटच्या पोराची एक का नाही? त्यांना शकुंतलाबाई दिसल्या, हातची गेलेली तीन स्थळं दिसली. मग पुन्हा तो काळोखात चाचपडणारा हात दिसला. त्यांनी पाटाच्या पट्ट्या उखडल्या, तुकडा खोबणीत बसवला, फटीत दोन पाचरी ठोकल्या आणि चार स्क्रू मारले. भिंत होती तशी झाली.

"हात लाव," ते निकेशला म्हणाले.

"मले मालूम हाये ना!"

"मालूम नाही. हात लाव."

निकेशने चिडून हात पुढे केला. कोपर भिंतीला आपटलं. त्याने खांदा वळवला, गाल लाकडाला टेकवला, टाचा उंचावल्या. बोटं ताणून ताणून पांढरी झाली. तीन वर्षं त्याने हे चाक स्क्रीनवर हजार वेळा फिरवलं होतं, जवळ आणलं होतं, लांब नेलं होतं, त्याला हिरवा रंग दिला होता. हात कधी लावला नव्हता. तो बराच वेळ तसाच, भिंतीला चिकटून उभा राहिला.

"नाही पोचत," शेवटी तो हळू आवाजात म्हणाला.

निकेशने हात काढला, चोळला, आणि गल्लीतून बाहेर पडला. आंब्याखाली जाऊन त्याने चीफला उठवलं ते भय्याजींना आतूनच ऐकू आलं. "सर, एकदा परत या. मी सकाळी बोलायला हवं होतं."

चीफ आला. त्याने हात घातला, तो अडला. त्याने बापाकडे बघितलं, लेकाकडे बघितलं, भिंतीतल्या चार नव्या स्क्रूंकडे बघितलं. तो ओरडेल म्हणून दोघंही मान खाली घालून उभे होते. पण त्याने फक्त एक प्रश्न विचारला.

"भय्याजी, आणखी कुठे कुठे हात बसवलाय?"

हा प्रश्न भय्याजींनी स्वतःला अजून विचारलाच नव्हता. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, मग ती पुरायची नाही हे लक्षात येऊन खडू आणला. ते एकेका गल्लीत फिरायला लागले. या पायरीची उंची दोन बोटं कमी केली, पुंडलिकरावांचा गुडघा दुखत होता. हे झाकण डावीकडून उजवीकडे घेतलं. हा पाइप डोक्याला लागायचा, वर सरकवला. प्रत्येक ठिकाणी ते फुली मारत गेले आणि प्रत्येक फुलीबरोबर त्यांचा आवाज बारीक होत गेला. आठ महिन्यांच्या सगळ्या सुबक कामावर ते आपल्याच हाताने खडू ओढत होते. सतरा फुल्या झाल्या. त्यातल्या अकरा निकेशच्या ड्रॉइंगमधल्या निघाल्या.

चीफने सतराही जागा लिहून घेतल्या. "सह्या होत नाहीत," तो म्हणाला. "सगळं परत काढायचं. सहा-आठ महिने जातील. निकेश, तुझं पत्र या वर्षी नाही. अकरा चुका, आणि बारावी सकाळची. ती सगळ्यात मोठी."

"हो सर," निकेश म्हणाला.

"कंत्राट मात्र वाढवून घेतो. या चुका तूच काढायच्यास." मग तो भय्याजींकडे वळला. "पुढचं लाकूडही तुम्हीच करा. पण एक अट. जे बसत नाही ते बसवायचं नाही."

भय्याजींनी प्रामाणिकपणे विचार केला. "जमन का नाही, सांगता येत नाही सायेब. हात आपोआप चालते."

चीफ शर्ट घालून गाडीकडे गेला. साकोलीला कुणाला तरी भेटून तासाभरात येतो म्हणाला. घरात शकुंतलाबाई चहा मांडता मांडता पाट शोधत होत्या. "अवो, पाट कुठी ठेवला?"

"भिंतीत गेला," भय्याजी म्हणाले आणि ओट्यावर टेकले. मग त्यांनी सगळं सांगितलं, पत्राचंसुद्धा. शकुंतलाबाईंनी ऐकलं आणि पदर डोळ्यांना लावला. मग भुईवरच बसून त्यांनी चहा गाळला. "पोराले बलावा," त्या म्हणाल्या. "सकाळपासून धड खाल्लं नाही त्यानं."

भय्याजी शेडकडे गेले. दारातून त्यांना निकेश दिसला. पहिल्या गल्लीतल्या पहिल्या फुलीपाशी तो उभा होता. डोळे मिटलेले. त्याने हात पुढे केला, हात जिथे जाऊन थांबला तिथे डोळे उघडून बघितलं, खिशातल्या वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या फुलीकडे गेला. तिथे पुन्हा डोळे मिटले.

मागून शकुंतलाबाईंनी दोनदा हाक मारली, चहा निवला म्हणून. भय्याजी दारातच उभे राहिले. सतरातल्या अजून पंधरा फुल्या राहिल्या होत्या, आणि त्यांनी त्याला बोलावलं नाही.